हापशाचा वायसर

२ एप्रिल १९७३, सोमवार

हापसा बंद पडून आज नववा दिवस. वस्तीतले लोक त्याच्याकडं असे बघतात, जसा तो आजारी पाहुणा आहे आणि उद्या आपोआप उठून बसणार आहे. मला याचाच राग येतो. जानेवारीत सरकारी गाडी आली, नव्वद फूट बोअर मारला, बिडाचा हापसा उभा केला, फोटो काढला आणि गेली. अडीच महिने पाणी प्यालो. आता दांडा खालीवर केला की आत नुसतं गुरगुरतं. तालुक्याला दोन अर्ज झाले. साहेब म्हणतो, हापसे दीडशे आन मेकॅनिक एक. मंग ठेव ना दुसरा! तुझ्या घरचा नळ बंद पडला तर तू अर्ज करून नऊ दिवस बसतो का?

बाया नदीतल्या झिऱ्यावर जातात. वाळूत हातभर खड्डा, वाटीवाटीनं पाणी भरायचं, एका हंड्याला दोन तास. आमच्या घरी बेबीनंदा पहिल्या बाळंतपणाला आली आहे आणि दिवस भरत आले आहेत. बेबी माझ्या चुलत्याची मुलगी. माझे मायबाप गेल्यावर तात्यानं आणि मालनकाकूनं मला तिच्यासोबतच वाढवलं. तिच्या बाळंतपणाला घरात दोन हंडे पाणी नसावं?

संध्याकाळी चावडीपुढं मी म्हणालो, मी दुरुस्त करतो. मी जालन्यात ट्रकच्या गॅरेजात सात महिने होतो, परभणीला रस्ता दाबायच्या इंजिनावर होतो. नववीत शाळा सोडली म्हणून माझ्या हातांना काही येत नाही असं नाही.

गिरिजामावशी लगेच म्हणाली, "दोन सालामागं तू माझा स्टो दुरुस्त करून राह्यला व्हता, धर्मराज. मधीच मोटर आली म्हणून पाह्यला गेला. स्टो आजून उघडाच हाये."

सगळे हसले. तात्या हसला नाही. म्हणाला, "पाने कुठून आणशील?"

४ एप्रिल, बुधवार

पाने भोकरदनच्या सायकलवाल्याकडून आणले. एक पाईप पाना, एक मोठा चिमटा. पाईप धरून ठेवायला मी जुन्या बैलगाडीच्या चाकाच्या लाकडाचे दोन तुकडे मधोमध कोरून, बोल्ट घालून शिकंजा केला. तीन बल्ल्यांची तिवई, वर कप्पी, खाली आठ माणसं. वर ओढला तो पाईप शिकंज्यात आवळल्याशिवाय खोलायचा नाही, नाहीतर राहिलेले सगळे पाईप बोअरमध्ये आणि वस्तीचं पाणी कायमचं खलास. हे मी सगळ्यांना चार वेळा सांगितलं. तरी कडूबाजी तिसऱ्या पाईपाला दोर सोडून बिडी पेटवायला लागला! मी त्याला काय बोललो ते इथं लिहीत नाही. तो माझ्या बापाच्या वयाचा आहे. पण बोललो ते बराबरच होतं.

नऊ पाईप वर आले. शेवटी पितळेचं नळकांडं. खोललं तर आतला वायसर फाटून भाकरीच्या पापुद्र्यासारखा लोंबत होता. अडीच इंची, वाटीच्या आकाराचा. तो दांड्यासोबत वर येतो आणि पाणी वर लोटतो. एवढीशी चीज. एवढ्यासाठी अकरा दिवस.

तात्यानं तो हातात घेतला. वास घेतला.

"हे चामडं हाये."

"मंग? हापशाचा वायसर चामड्याचाच असतो, तात्या."

"आपुन याच्यातून पाणी पिऊन राह्यलो व्हतो?"

मी म्हणालो, शहरातले लोक पितात, मोठमोठे लोक पितात.

"पितील. त्यांनी ढोरं वढली नसतील."

तात्यानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि गावात येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, आजपासून मेलेलं ढोर वस्ती ओढणार नाही. जो ओढील तो जयंतीच्या मिरवणुकीत चालणार नाही. हा नियम त्यानंच वहीत लिहिला, खाली सगळ्यांचे अंगठे घेतले. तेव्हापासून त्याच्या पायात टायरची चप्पल. कमरेला सुती दोरी. घरात चामड्याची वादी नाही. मी लहान असताना शाळेतून मिळालेला पट्टा त्यानं माझ्या चड्डीवरून काढून परत पाठवला होता. मी दिवसभर चड्डी हातानं धरून फिरलो होतो. तोही राग माझा अजून गेलेला नाही.

"दुसऱ्या कशाचा कर," तो म्हणाला.

"दुसऱ्या कशाचा होत न्हाई."

"तू म्हणला ना, तुझ्या हातांना येतं म्हणून?"

५ एप्रिल, गुरुवार

सायकलच्या ट्यूबचे सहा थर चिकटवले, गोल कापले, दाबून वाटी केली. नऊ पाईप परत खाली. आठ माणसं, भर उन्हात. वरून दोन हंडे पाणी ओतलं, कारण कोरड्या हापशाला आधी पाजावं लागतं. ते दोन हंडे म्हणजे बायांचे चार तास. हापसलं. तीस, चाळीस हापसे. पाणी वर आलं, एक गुळणी बाहेर पडली, आणि मंग खाली काहीतरी दुमडलं आणि दांडा लोण्यात गेल्यासारखा ढिला झाला.

कडूबाजी नुसता बिडी पेटवून माझ्याकडं बघत राहिला. त्यापेक्षा बोलला असता तर बरं.

त्यातच बद्रीनाथ आण्णा आला. आण्णाच्या शेतातल्या विहिरीला अजून पाणी आहे, पंचक्रोशीत तेवढीच. तो वस्तीच्या कडेला लिंबाखाली उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, "तातेराव, माझी कालवड बसलीय. आज-उद्याची हाये. मी म्हणत न्हाई जबरदस्ती. माणुसकीच्या नात्यानं बोलून राह्यलो. तुमचे दोन गडी आले तर माळावर टाकून देतील. आन तुमच्या बाया इहिरीवर येऊ द्या. मी काय पाण्याला न्हाई म्हणतो का?"

काम असलं की तातेराव, एरवी नुसता तात्या. त्याचे स्वतःचे दोन बैल दावणीला उभे आहेत, एक सालगडी आहे. त्यांच्याकडून ओढून घे ना!

तात्या म्हणाला, "आण्णा, ते काम बंद हाये."

"हौ, ते ठाऊक हाये मला. पण दुस्काळ हाये ना."

गिरिजामावशी घरातून ओरडली, "दुस्काळ हाये म्हणून आमी पुन्यांदा जुनाच जन्म घ्यावा का?"

आण्णा हसून गेला. हसून जातो याचाच जास्त राग येतो.

मला एक सुचलं आहे. जालन्याच्या जिनिंगमध्ये यंत्रावर जे पट्टे चालतात ते कापड आणि रबर मिळून केलेले असतात. दुमडत नाहीत. माझा गॅरेजातला दोस्त वसंता तिथं कामाला आहे. तात्याला सांगितलं. तो म्हणाला, "जा. आयतवारपर्यंत ये. बेबीचं काई सांगता येत न्हाई."

मी म्हणालो, आयतवारी हापसा चालू.

७ एप्रिल, शनिवार, जालना

इथले दुकानदार म्हणजे. हार्डवेअरच्या दुकानात गेलो तर दोरीला चामड्याचे वायसर माळेसारखे टांगलेले. अडीच इंची, तेलात मुरवलेले, बिलकुल तयार. दुकानदार म्हणतो, घेऊन जा, उद्या पाणी. मी एक हातात घेतला. मऊ होता. तात्याला काय कळणार होतं? नळकांड्यात घालून नव्वद फूट खाली सोडला की कोण बघतं?

ठेवून दिला. दुकानदार म्हणाला, "घेणार नव्हता तर हात कशाला लावला?" मी त्याला म्हणालो, तुझ्या दुकानाला आग लागो. उगीच म्हणालो. तो तर माझ्या वस्तीला पाणी पाजणार होता.

वसंतानं जिनिंगच्या कचऱ्यातून हातभर पट्टा दिला. म्हणाला, "वाटीचा आकार कसा देशील?" मी त्याला दाखवलं. गोल कापला, उकळत्या पाण्यात तासभर ठेवला, मंग लोखंडी कडीच्या तोंडावर ठेवून मधोमध बोल्टानं आवळत आवळत आत ओढला. रात्रभर तसाच गार होऊ द्यायचा. तीन केले, दुमडू नये म्हणून एकावर एक दोन बसवीन, एक जास्तीचा. वसंता म्हणाला, "तू इथंच रहा ना लेका, तुला मिस्तरी करून टाकतील." मी म्हणालो, माझी वस्ती तहानली आहे. हे बोलताना मला स्वतःचंच बरं वाटलं.

८ एप्रिल, रविवार, राजूर

तिन्ही वाट्या उत्तम झाल्या. कडक आणि तरी लवचीक. अंगठ्यानं दाबली की परत येते.

साडेतीनची एसटी पकडली. राजूरला चहाला थांबली. समोर मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू, आणि तंबूबाहेर मालक कपाळाला हात लावून बसलेला. जनरेटरचं इंजिन पहिल्या खेळाआधीच बंद. दोघं जण हँडल मारून मारून घामाघूम. मला बाहेरूनच आवाज कळला. डिझेल वर चढत नव्हतं, नळीत हवा धरली होती. म्हटलं, दोन मिनिटाचं काम आहे.

दोन मिनिटाचं नव्हतं. पंपाचा नटही झिजला होता. मी त्याला तांब्याच्या तारेचा वेढा घालून बसवला. इंजिन लागलं तेव्हा तंबूत दिवे आले आणि बाहेर उभी असलेली शे-दीडशे माणसं ओरडली. माझ्यासाठी ओरडली! मालकानं मला मिठी मारली. एसटी गेली होती. पुढची शेवटची गाडी दिवे लागल्यावर येते म्हणतात, तिच्यानं जाईन म्हटलं. पण मालक म्हणाला, खेळ अर्धा झाल्यावर परत बंद पडलं तर? माणूस आहे, पोट आहे त्याचं. मला खुर्ची दिली. पहिल्या ओळीत. मटण-भाकरी.

राजूरपासून घर चार कोस. सकाळी चालतच निघतो.

१० एप्रिल, मंगळवार, राजूर

काल निघणार होतो. इंजिनाचं पाणी गळायला लागलं. या मालकाला कुणी मदत करत नाही, ऑपरेटर दारू पितो, राजूरच्या मेकॅनिकानं येतो म्हणून सांगितलं आणि आला नाही. सगळीकडं हेच. ज्याला काम येतं तो येत नाही आणि जो येतो त्याला काम येत नाही. मला याची फार चीड येते.

मालक म्हणतो, आमच्यासोबत चल. परवा जाफराबाद, मंग पुढं बुलढाणा. पगार, जेवण, रोज पिक्चर. मी म्हणालो, मला घरी वायसर द्यायचा आहे. तो म्हणाला, देऊन ये, आम्ही इथंच आहोत दोन दिवस.

खिशातल्या वाट्या घामानं खराब होत नाहीत. मजबूत माल आहे.

१२ एप्रिल, गुरुवार, घरी

आज लिहितो आहे ते रागानंच.

दुपारी आलो. दारात दोन हंडे, दोन्ही भरलेले, वर ओलं फडकं. मी म्हटलं मेकॅनिक आला वाटतं, सगळी मेहनत गेली. आत बेबी झोपलेली, शेजारी मुलगी. सोमवारी पहाटे कळा लागल्या, दिवे लागायच्या आत झाली. दोघी ठीक. मी खुश झालो. काकूला म्हणालो, पाणी कुठलं? काकू चुलीत फुंकर घालत राहिली. चूल पेटलेलीच होती.

बाहेर गिरिजामावशीला विचारलं. ती म्हणाली, "आण्णाच्या इहिरीचं."

"कसं काय?"

"कसं काय म्हंजी? सोमवारी पहाटी बेबीला कळा सुरू झाल्या. घरात तांब्याभर पाणी. झिरा आदल्या दिशीच आटल्ता. तुझा तात्या दोर घेऊन गेल्ता. कालवड वढली त्यानं माळापर्यंत. येकटा. नुसती हाडंच व्हती म्हना, पण येकटा. कुणाला बरोबर घेतलं न्हाई त्यानं. आमी दारं लावून घेतली."

"दारं का लावली?"

"त्याला कुणी पाह्यलं असं वाटू नये म्हणून," ती म्हणाली. "तुला कळत न्हाई का?"

तात्या गोठ्यामागं बसला होता. मी जाऊन उभा राहिलो. मी काय काय बोललो! सोळा वर्षं तुम्ही आम्हाला शिकवलं. माझ्या चड्डीचा पट्टा काढला. जालन्यात तयार वायसर माझ्या हातात होता, मऊ, तेल पाजलेला, मी तो तुमच्या शब्दासाठी परत ठेवला. आणि तुम्ही दोन हंड्यांसाठी? दोन हंड्यांसाठी तात्या? मी ओरडत होतो आणि वस्ती ऐकत होती.

तो ऐकून घेत होता. मंग म्हणाला, "आणले का वायसर?"

मी खिशातून काढून त्याच्यापुढं टाकले. त्यानं एक उचलला, अंगठ्यानं दाबला, परत आला ते पाहिलं. "चांगला झालाय," म्हणाला. हातांचा वास येत होता त्याच्या. राखेनं घासून घासून कातडी गेलेली.

नंतर काकू पाण्याचा तांब्या देताना म्हणाली, "आयतवारी ते फाट्यावर उभे व्हते. शेवटची एसटी जाईपर्यंत. मंग सोमवारी पहाटी बी जाऊन आले."

कशाला उभं राहायचं? मी काय लहान लेकरू आहे, फाट्यावर घ्यायला यायला? मी कुणाला सांगितलं होतं उभे रहा म्हणून? मी काही खेळायला गेलो नव्हतो. एका माणसाचा धंदा बुडत होता. त्याच्याकडं कुणी बघणार नव्हतं.

काकूनं विचारलं, इतके दिवस कसे लागले? मी म्हणालो, वायसर लवकर तयार झाला नाही.

१३ एप्रिल, शुक्रवार

पहाटेपासून काम. शिकंजा, नऊ पाईप, नळकांडं, दोन वायसर उलट-सुलट तपासून. आज कुणी बिडी पेटवली नाही. पाजायला पाणी आण्णाच्या विहिरीचंच होतं. ते ओततानाही मला राग येत होता.

सत्तावन्न हापसे मोजले. अठ्ठावन्नाव्याला पाणी आलं आणि थांबलं नाही. बाया हसत होत्या, एकमेकींवर उडवत होत्या, मंग दुष्काळ आठवून हंडे लावायला लागल्या. कडूबाजीनं माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, उद्या जयंतीला झेंडा धर्मराज धरील. दरवर्षी पुढं झेंडा तात्या धरतो. त्यानं सकाळीच पंचांना सांगितलं की तो यंदा चालणार नाही. पंच म्हणाले, तात्या, लेकीच्या जिवासाठी केलं, कुणी नाव ठेवत नाही. तो म्हणाला, वहीत लेकीचं काही लिहिलेलं नाही.

नियम म्हणे! स्वतः लिहायचा, स्वतः मोडायचा, स्वतःच शिक्षा घ्यायची. दुसऱ्याला काही करायला जागाच ठेवत नाही हा माणूस.

दुपारी बद्रीनाथ आण्णा परत लिंबाखाली. "तातेराव, गाय गेली सकाळी. आता सुरुवात केलीच हाये तर..." पुढचं त्यानं हातानं दाखवलं. मी लोखंडी टॉमी घेऊन उठलो. खरंच घेतली होती. तात्या माझ्या आधी बाहेर आला. आण्णापासून दोन हात अंतरावर उभा राहिला.

"आण्णा," म्हणाला, "हापसा चालू झालाय."

आण्णानं हापशाकडं पाहिलं. बाया भरतच होत्या. तो या वेळी हसला नाही. गेला. मला एक सणसणीत वाक्य बोलायचं होतं, ते राहूनच गेलं.

१४ एप्रिल, शनिवार

दुपारी मिरवणूक निघायच्या आधी कडूबाजीनं माझ्या हातात झेंडा दिला. मी धरला. दहा पावलं चाललो असेन. आमच्या दारात तात्या बसला होता, मांडीवर बेबीची मुलगी, तिच्यावर उन्हासाठी फडकं धरलेलं. धुतलेला सदरा घातला होता त्यानं. बाहेर पडायचं नव्हतं तरी घातला होता. मला पाहून म्हणाला, "सरळ धर."

मला पुढं चालता येईना. मी झेंडा कडूबाजीकडं दिला. सगळे म्हणाले, काय झालं? चक्कर आली का? मी म्हणालो, तुम्ही चला.

मी तात्याजवळ बसलो. मिरवणूक पुढं गेली, ताशाचा आवाज लांब झाला. मंग मी सांगितलं. आयतवारी वायसर माझ्या खिशात होते. साडेतीनच्या गाडीत मी बसलो होतो. राजूरला उतरलो. टॉकीजचं जनरेटर बंद होतं. चार दिवस तिथं होतो. पिक्चर पाहिले. चार कोसावर होतो. वायसर तयार झाला नाही हे खोटं.

मी खाली बघत बोलत होतो. मला वाटलं आता तो उठेल. कानफटात मारील. चप्पल काढील. मी तयार होतो. मला पाहिजेच होतं.

त्यानं मुलीच्या तोंडावरची माशी हाकलली. मंग म्हणाला, "जनरेटर चालू झालं का पण?"

"झालं."

"हं," म्हणाला. "मंग बरं."

एवढंच. मला इतका राग आला की मी तिथं बसूच शकलो नाही. हे काय बोलणं झालं? माणसानं असं बोलावं का? मी उठून हापशावर गेलो. तिथं कुणाचा तरी हंडा होता. मी हापसायला लागलो. जोरजोरानं, दात खाऊन. हंडा भरला, वाहायला लागला, चिखल झाला, माझे पाय भिजले, मी थांबलो नाही.

गिरिजामावशी मिरवणुकीतून कशाला तरी परत आली होती. लांबूनच ओरडत आली.

"आरं ये मुडद्या! डोळे फुटले का तुहे? पानी वाया घालून राह्यला! आमी वाटीवाटीनं भरलं त्या वाळूत, आन तू चिखल करतू? अक्कल गहाण टाकली का जालन्यात? कोण आला इथं मोठा मिस्तरी! हो बाजूला, हो म्हणते ना!"

तिनं दांडा माझ्या हातातून हिसकून घेतला आणि आणखी पुष्कळ बोलली, माझ्या सात पिढ्यांपर्यंत. मी चिखलात उभा राहून ऐकत होतो. ती दम घ्यायला थांबली तेव्हा वाटलं, अजून बोलावं तिनं.